लेकराला भाव कळतो तिथं : बालपण संपण्याच्या कथा, लिहिणाऱ्यांसाठी आणि वाचणाऱ्यांसाठी

मांजराकाठ (धागाकर्ती)

दिवाळी अंकांना कथा पाठवायचे दिवस आले की 'हरवलेलं बालपण' या विषयावरच्या कथांची रास लागते. साचा ठरलेला. खळं, चिंचेचं झाड, आजीच्या गोष्टी, मग एक आघात आणि शेवटी 'त्या दिवशी मी मोठा झालो'. हे वाक्य लिहायची वेळ आली म्हणजे वरच्या चार पानांनी काम केलेलं नाही, एवढं नक्की.

पण धागा काढला तो दुसऱ्या कारणानं. निरागसपण जाण्याबद्दलचं मराठीतलं गाजलेलं लेखन बघा. कारणं बहुतेक दोनच सापडतात : कुणावर तरी मन जडणं नाहीतर कुणाचं तरी मरण. मिलिंद बोकीलांच्या 'शाळा'त (2004) नववीतला मुकुंद जोशी शाळेतल्या शिरोडकरपायी झुरतो, मागं आणीबाणी चालू असते. नेमाड्यांच्या 'कोसला'तला (1963) पांडुरंग तर कॉलेजात गेलेला, लेकरू नव्हेच, पण धाकटी बहीण मनी देवीच्या आजारानं जाते तिथं त्याचं उरलंसुरलं पोरपण संपतं.

आपल्या मराठवाड्यातलं लेखन याच्या शेजारी ठेवलं की तिसरं कारण दिसतं आणि ते पैशाचं आहे. भास्कर चंदनशिवांची 'लाल चिखल' शाळेच्या पुस्तकात होती, त्यामुळं बहुतेकांना माहीत असेल. बापासोबत टमाटे घेऊन बाजारात बसलेला शाळकरी पोरगा, पडलेला भाव, घासाघीस करणारं गिऱ्हाईक आणि शेवटी बापानं आपल्याच मालाचा पायाखाली केलेला चिखल. कुणी मरत नाही. पोराला फक्त भाव कळतो. लक्ष्मण गायकवाडांच्या 'उचल्या' या आत्मकथनात (1987) पोटासाठी चोरी करणाऱ्या वस्तीतल्या लेकरांना चोरीच्या आधी मार खायला शिकवतात, कारण पोलिसांच्या हाती लागल्यावर तोंड उघडायचं नाही. अंगाची किंमत देऊन पोट भरायचं, हाही हिशेबच.

म्हणून माझं म्हणणं : मराठवाड्यातल्या कथेत लेकराला हिशेब समजला की बालपण आटोपलं. हे पटत असेल तर कथा रचायची रीतही त्याला धरून असायला हवी. पटत नसेल तर खोडून काढा. फक्त दाखले द्या, 'मन हेलावून गेलं' असले अभिप्राय नकोत.

---

पूर्णेकर

खोडतोच. हिशेब ही काय मराठवाड्याची मिरास नाही. 'श्यामची आई' सगळी कर्जावर उभी आहे. सावकाराचा माणूस दारात येऊन आईला नको ते बोलतो, ते श्याम ऐकतो. साने गुरुजींनी ते पुस्तक 1933 साली नाशिकच्या तुरुंगात लिहिलं आणि गोष्ट कोकणातली आहे. बरं, प्रेमचंदांची 'ईदगाह' तर निव्वळ अंकगणित आहे. हामीदजवळ तीन पैसे, आजीसाठी घ्यायच्या चिमट्याचा भाव सहा पैसे, घासाघिशीत पाचावर येतो आणि पोरगं तिनावर अडून बसतं.

तुमच्या मुद्द्याला एक दुरुस्ती सुचवतो. 'श्यामची आई'त सांगणारा श्याम मोठा झालेला आहे. आश्रमातल्या सोबत्यांना रोज रात्री एक, अशा 42 रात्री तो गोष्टी सांगतो. त्यामुळं कर्जाचा अपमान सांगताना त्याला त्याचा अर्थ लावून झालेला असतो. 'ईदगाह'त प्रेमचंद शेवटाला स्वतःच पुढं येऊन सांगतात, की लहानग्या हामीदनं म्हाताऱ्या हामीदची भूमिका केली आणि म्हातारी आजी अमीना लहान मुलगी झाली. हिशेब दोन्हीकडं आहे, पण लेखक त्याच्यावर मायेचं पांघरूण घालतो. 'लाल चिखल'मध्ये ते पांघरूण नाही. फरक तिथं शोधा. पैसा कथेत आहे की नाही यावर जाऊ नका.

---

खडकेश्वर

दोघांनीही एक गोष्ट गृहीत धरली आहे : आधी निरागसपण असतं आणि मग ते जातं. ज्यांच्याकडं ते कधी आलंच नाही त्यांचं काय?

प्र. ई. सोनकांबळ्यांचं 'आठवणींचे पक्षी' (1979) काढून बघा. उदगीरकडचं लेकरू, आईबाप लवकर गेलेले, बहिणीच्या आधारानं वाढणारं, कायम भुकेलं. यातल्या आठवणी आधी औरंगाबादहून निघणाऱ्या गंगाधर पानतावण्यांच्या 'अस्मितादर्श' या नियतकालिकातून आल्या. त्या पुस्तकात 'आधी सुख, मग तडा' अशी चढउतार असलेली रचनाच नाही. आठवणी सुट्या सुट्या येतात, एकीचा दुसरीवर भार नाही. पहिल्या पानावरच्या लेकराला भाकरीचा हिशेब ठाऊकच असतो. 'उचल्या'तही तेच. तिथं पोरगा शाळेत जाऊ लागला याचीच वस्तीतल्या लोकांना भीती वाटते, म्हणजे आपण ज्याला बालपण म्हणतो तीच तिथं नवलाची गोष्ट.

तेव्हा हिशेब कळला की बालपण संपतं, हा नियम ज्यांच्या घरी चार एकर तरी आहे त्यांच्या कथेचा. 'लाल चिखल'मधल्या बापाकडं तुडवायला टमाटे तरी होते.

इंग्रज कवी विल्यम ब्लेकचा दाखला इथं कामाला येतो. त्याच्या निरागसतेच्या कविता 1789 च्या, अनुभवाच्या 1794 च्या. दोन्हीकडं धुराडी साफ करणारी पोरं आहेत. काम तेच, काजळी तीच. बदलतो तो बोलण्याचा सूर. पहिल्या कवितेतल्या पोराची समजूत देवदूताच्या स्वप्नावर काढलेली आहे. निरागसपणाची गरज पोरापेक्षा थोरांनाच जास्त असते, हे त्यानं तेव्हाच ओळखलं होतं.

---

मांजराकाठ

खडकेश्वर सर, मान्य, आणि यातून रचनेचे दोन वेगळे मार्ग निघतात. ज्या कथेत 'आधी' आहे तिथं तडा दाखवायचा. जिथं 'आधी' नाहीच, तिथं लेकराला दुसऱ्या लेकराकडं काय आहे ते दिसणं, एवढीच घटना असते : डबा, चप्पल, वहीचं कव्हर. तिथं तडा कथेतल्या पोराला जात नाही, वाचणाऱ्याला जातो. या दोन्हींची सरमिसळ केली की कथा खोटी वाटते. पालावरच्या लेकराच्या तोंडी चिंचेच्या झाडाखालचे रम्य दिवस घालणारे लेखक ही सरमिसळ करत असतात.

---

रेगूर

चर्चा भारी चालू आहे, पण मला प्रत्यक्ष लिहायला मदत हवी आहे. तीन हजार शब्दांची कथा आहे. पाचवीतला पोरगा, टमाट्याचं पीक. 'लाल चिखल'ची नक्कल होऊ नये म्हणून बाजार तालुक्याच्या मार्केट यार्डात नेला आहे. मुख्य जागा ही (पट्टी म्हणजे मालाची विक्री आणि कपात लिहिलेली अडत्याची चिठ्ठी) :

«आबांनी पट्टी माझ्या हातात दिली. मी वाचू लागलो तशी डोळ्यांसमोर अंधारी आली. वीस कॅरेट टमाटे, आणि अडत, हमाली, तोलाई, भाडं जाऊन हातात फक्त एकशे ऐंशी रुपये! शेतकऱ्याच्या घामाला काही किंमतच नाही का? आबांचे डोळे पाण्यानं भरले होते. त्या क्षणी माझं बालपण संपलं.»

काय करू याचं?

---

मांजराकाठ

रेगूर, पट्टी वाचणारा पोरगा ही चीज सोन्यासारखी सापडली आहे. घरातलं शिकलेलं पहिलं माणूस तोच, म्हणून वाईट बातमी त्याच्याच तोंडून यायची. पण एवढ्या पाच-सहा ओळींत चार गोष्टी तिला मारतात.

'शेतकऱ्याच्या घामाला किंमत' हे भाषणातलं वाक्य आहे, पाचवीतल्या पोराचं नाही. डोळ्यांसमोर अंधारी येणं हेही थोरांचं. आबांचे डोळे भरले म्हणजे पोरानं ओळखायचं काही उरलंच नाही. आणि शेवटचं वाक्य, त्याबद्दल वर बोलून झालं आहे.

लिहायला बसण्याआधी दोन वयं ठरवा : घडलं तेव्हाचं आणि सांगतानाचं. सांगणारा चाळिशीचा असेल तर त्याला 'तेव्हा मला कळलं नाही' म्हणायची मुभा आहे, पण तीन हजार शब्दांत एकदाच. सांगणारा अकरा वर्षांचाच असेल तर ती मुभाही नाही. मग कागदावर दोन याद्या करा. या प्रसंगात पोराला काय माहीत आहे आणि वाचणाऱ्याला काय माहीत आहे. दुसरी यादी पहिलीपेक्षा दोन-तीन गोष्टींनीच मोठी हवी. फार मोठी झाली तर पोरगा बावळट दिसतो आणि सारखी झाली तर कथाच उरत नाही. तुमच्या मसुद्यात पोराची यादी वाचणाऱ्याच्या यादीपेक्षा लांब आहे, ही खरी अडचण.

आकडे मात्र पोराच्याच यादीत ठेवा. आकडे त्याला येतात, शाळेत तेवढंच शिकवलं आहे. म्हणजे असं काहीतरी :

«'वाच,' आबा म्हणले.
मी वाचलं. माल वीस कॅरेट. वजन चारशे चाळीस. दर दोन. रक्कम आठशे ऐंशी. खाली हमाली-तोलाई शंभर, त्याच्याखाली टेम्पोभाडं सहाशे. सगळ्यात खालच्या आकड्यावर मी अंगठा ठेवला.
'किती?'
'पुसट हाय,' मी म्हणलो.
आबांनी पट्टी घेतली, घडी घातली, टोपीत ठेवली. यार्डाच्या गेटापाशी त्यांनी मला दहाचे भजे घेऊन दिले. मी नको म्हणलो.
'खा की. आज पैसे हायेत.'»

वजाबाकी वाचणाऱ्याला करू द्या. पोरानं थोरासारखं पहिलं काम केलं ते खोटं बोलण्याचं, पण तसं कुठं म्हणू नका.

---

पूर्णेकर

ताई, उतारा बेस झालाय, पण एक भोक आहे. पट्टीबरोबर रोख मिळते. आबांना अक्षर येत नसेल, नोटा तर येतात. 180 रुपये हातात पडल्यावर 'किती?' कशाला विचारतील?

---

खडकेश्वर

भोक बुजवू नका, तसंच ठेवा. नोटा आबांच्या खिशात आहेत आणि आकडा त्यांना ठाऊक आहे. तरी ते पोराला वाचायला लावतात. कापलं कुठं आणि किती हे त्यांना ऐकायचंय, किंवा पोराला पट्टी वाचायची सवय लावायचीय. कारण सांगू नका. मग पोराचा 'पुसट हाय' हा खोटेपणा आबांना तिथंच कळतो आणि 'आज पैसे हायेत' हा त्यांचा खोटेपणा पोराला कळतो. दोघं एकमेकांना सांभाळतात. फक्त नोटा खिशात गेल्याचं एक वाक्य वर कुठंतरी आधीच येऊ द्या, पट्टीपासून दहा-बारा ओळी लांब. जवळ ठेवलं तर लेखकाची चलाखी दिसते.

---

तेरणा

साहित्य तुमचं चालू द्या, मी तपशिलाचं बघतो. असल्या कथा भावनेवर कमी आणि तपशिलावर जास्त पडतात.

रेगूर यांच्या मसुद्यात 'अडत', म्हणजे अडत्याचं कमिशन, कापलेली आहे. 2016 पासून फळं-भाजीपाल्याची अडत खरेदीदारानं द्यायची असा राज्यात नियम आहे. कथा त्याच्या आधीची असेल तर अडत राहू द्या. नंतरची असेल आणि तरी कापली असेल तर ती गैरप्रकार म्हणून दाखवा, सहज घडल्यासारखी नको. ताईंनी उताऱ्यात काढली ते बरं झालं. 20 कॅरेटला 440 किलो म्हणजे कॅरेटमागं 22, ते बरोबर आहे. टमाट्याचं प्लॅस्टिकचं कॅरेट साधारण 20 ते 25 किलोचं भरतं. 50 किलो लिहिणारे लेखक पाहिले आहेत.

काळाच्या चुका याहून जास्त होतात. निजामाच्या राजवटीतलं लेकरू दाखवायचं तर त्याच्या हातात हाली सिक्का हवा. इंग्रजी अमलातला तो कलदार. सहा कलदाराला सात हाली असा साधारण भाव होता. सोलापूरच्या बाजाराला जाणाऱ्या बापाचा पोरगा हा फरक लहानपणीच शिकला असणार. हिशेब कळण्याची कथा लिहायची तर यासारखी आयती जागा नाही आणि अजून फारसं कुणी तिला हात लावलेला दिसत नाही. शाळेत उर्दू, घरात मराठी, हेही त्यातच आलं. नवे पैसे 1 एप्रिल 1957 पासून. त्याआधीच्या कथेत 'पन्नास पैसे' आले की जाणकार वाचक पुस्तक मिटतो.

1972 च्या दुष्काळातलं लेकरू असेल तर खडी फोडायचं काम, सुकडी (वाटला जाणारा कोरडा पूरक आहार) आणि मिलो (परदेशातून आलेली लाल ज्वारी). रोजगार हमीचा कायदा नंतरचा, 1977 चा. शाळेतल्या खिचडीचंही तसंच. 1995 ला योजना आली तेव्हा महिन्याला तीन किलो तांदूळ घरी मिळायचा आणि त्याला हजेरीची अट होती. शिजवलेला आहार त्यानंतर काही वर्षांनी आला. 1985 सालच्या शाळेत खिचडीचा घमघमाट सोडू नका.

---

रेगूर

तेरणा सर, दंडवत. कथा 2018 सालात ठेवतो, अडत काढतो. आता भाषेचं सांगा कुणीतरी. निवेदन बोलीत घेऊ की प्रमाण मराठीत?

---

उदगिरी

निवेदन कशातही घ्या, पण मधेच बदलू नका. आणि 'मराठवाडी बोली' अशी एकच बोली नसते हे आधी ध्यानात घ्या. लातूर-उदगीर-देगलूरकडं 'काय करुलालास', 'जाऊलालाव' असं चालतं, बीड-परभणीकडं 'काय करायलास', 'जायलोय'. 'कामून' विचारणारा पोरगा पुढच्या पानावर 'का बरं' म्हणत असेल तर तो पोरगा नव्हे, लेखक बोलतोय.

सगळं निवेदन बोलीत घेतलं की नवखे लेखक प्रत्येक शब्दाला बोलीचं लेणं चढवतात. 'पानी', 'म्हून', 'आन्', 'तवा' यांनी पान भरून जातं, वाचणारा अडखळतो आणि पोराचा आवाज हरवतो. बोली उच्चारात थोडी, वाक्याच्या चालीत जास्त राहते. क्रियापद आधी येणं, मधेच 'उगं', 'जरासक', 'येरवाळी' असा शब्द पडणं, एवढं बास होतं.

पोराला एक स्वतःची लकब द्या. प्रकाश नारायण संतांच्या कथांतला लंपन हा पोरगा बघा. तो बेळगावकडच्या भागातला, आपला नव्हे, पण 'मॅड' हा त्याचा शब्द आणि दामटून मोठमोठे आकडे फेकायची त्याची खोड यांनी तो पहिल्या परिच्छेदातच ओळखू येतो. अशी लकब दिली की तडा दाखवायचं काम अर्धं होतं, कारण त्या प्रसंगानंतर ती लकब फक्त थांबवायची. पोरगा बोलायचा तसा बोलत नाही एवढं वाचणाऱ्याला जाणवतं. कुणाला सांगावं लागत नाही.

वयाचाही अंदाज ठेवा. सात-आठ वर्षांचं लेकरू 'म्हणून' कमी वापरतं आणि 'मग' जास्त : मग हे झालं, मग ते झालं. गोष्ट सांगताना कारणं जोडत जायची सवय वयाबरोबर वाढते. मुरलेला उपरोध त्याहून उशिरा येतो. आठ वर्षांच्या तोंडी तसला उपरोध आला की कथा गेली.

---

बालाघाटी

ऊसतोडीवर कुणी बोललं नाही अजून. बीडच्या कथेत ती येणारच आणि तिथं सगळ्यात जास्त गडबड होते.

आधी शब्द. नवरा-बायकोची जोडी म्हणजे एक कोयता. मुकादमाकडून घेतलेली आगाऊ रक्कम म्हणजे उचल. राहायला कोपी. उसाच्या शेंड्याचे वाढे, ते जनावरांसाठी विकतात, त्याचे चार पैसे वेगळे सुटतात. वाहतुकीप्रमाणं गाडी सेंटर (बैलगाडीनं ऊस नेणारे), डोकी सेंटर (डोक्यावर मोळ्या वाहून ट्रक भरणारे) असे प्रकार. कामावर गेलं नाही की खाडा, आणि खाड्याचे पैसे अंगावर चढतात. हंगाम दिवाळीच्या आगेमागे सुरू होतो तो मार्च-एप्रिलपर्यंत, म्हणजे शाळेचं दुसरं सत्र पुरतं बुडतं.

आता लेखक काय करतात? कोयता पोराच्या हातात देतात आणि हात कापतात. झाली कथा. त्यापेक्षा खाडा घ्या. आठ वर्षांच्या पोरीला ताप आलाय. आई कोपीत थांबली तर खाडा, गेली तर पोरगी एकटी. पोरीनं 'खाडा' हा शब्द रात्री बापाच्या तोंडून ऐकलेला आहे, अर्थ अर्धाच कळलाय. पहाटे आई कपाळाला हात लावून बघते आणि पोरगी म्हणते, 'उतरलाय.' ताप उतरलेला नसतो. मांजराकाठताईंच्या पट्टीच्या उताऱ्यातलं सूत्र हेच आहे, फक्त इथं आई जाते.

लहान भावाला सांभाळणारी बहीण हीही तशीच जागा. बहीण नऊची, भाऊ दीड वर्षाचा. तिला खेळताना दाखवायचं असेल तर भाऊ कंबरेवर ठेवूनच दाखवा. ठिकरीच्या घरात उडी मारताना तो कुठं असतो, हे ज्या लेखकाला सांगता येत नाही त्यानं ही कथा लिहू नये. उत्तर साधं आहे : ती उडी मारतच नाही, दुसऱ्यांची ठिकरी कुठं पडली ते सांगायला बसते.

---

गोदाकाठची

बालाघाटी भाऊंनी पोरीचा विषय काढला म्हणून. वरच्या सगळ्या चर्चेत बाजारात जाणारा पोरगाच आहे. पोरीला बाजारात नेत नाहीत, तिला हिशेब घरात ऐकू येतो आणि बहुतेक वेळा तो तिच्याबद्दलचाच असतो. धाकटीचं याच मांडवात उरकलं तर किती वाचतील, पुढच्या वर्षी केलं तर किती लागतील.

रचनेच्या दृष्टीनं यात एक सोय आहे. ऐकणारी पोरगी भिंतीपलीकडं असते, तिला अर्धी वाक्यं ऐकू येतात. ही अर्धी वाक्यं अर्धीच ठेवायची, वाचणाऱ्यासाठीही पूर्ण करायची नाहीत. नवखे लेखक दोन पानांनी मावशीच्या तोंडून सगळा उलगडा करून टाकतात.

शाळा सुटण्याचं कारणही 'बापानं बंद केली' एवढ्यावर भागवू नका. गावात सातवीपर्यंत शाळा, आठवी पुढच्या गावात. मानव विकास योजनेतली, पोरींना शाळेत नेणारी निळी एसटी येते त्या गावात पोरगी शिकते, तिची वेळ बदलली की सुटते. घरातला कुणी वाईट नसतो. वेळापत्रक बदलतं आणि त्यावर घरात दोन वाक्यं बोलली जातात. खलनायक ठेवला की वाचणाऱ्याचा राग त्याच्यावर निघतो आणि कथा हलकी होते.

आणि कृपा करून प्रत्येक पोरीचं बालपण अत्याचारानं संपवू नका. तो विषय लिहिण्यासारखा नाही असं नाही, पण शेवटच्या पानावर धक्का द्यायला म्हणून तो वापरणं हा निव्वळ आळस आहे.

---

खडकेश्वर

याच यादीत शेतकरी आत्महत्या घाला. शेवटी दोर किंवा कीटकनाशकाचा डबा दिसला की मागचं सगळं वाचणारा विसरतो आणि पोरगं नुसतं साक्षीला उभं राहतं. लिहायचंच असेल तर आत्महत्या पहिल्या पानावर होऊन जाऊ द्या. मग तलाठी, पंचनामा, मदतीच्या प्रस्तावाची कागदं, ती पात्र की अपात्र याची वाट बघणं. बाप गेल्यावर त्याच्या मरणाची पात्रता ठरवायला माणसं येतात, हे लेकराला कळणं ही कथा. धागाकर्तीच्या हिशेबाच्या मुद्द्यालाही धरून आहे, घ्या.

---

पूर्णेकर

वस्तूबद्दल कुणी बोललं नाही. 'पथेर पांचाली' (1929) या बंगाली कादंबरीत बहीण दुर्गा मेल्यानंतर अपूला तिनं चोरलेली सोन्याची डबी सापडते. तिच्यावर आळ आला तेव्हा तिनं नाकारलेलं असतं. अपू ती बांबूच्या बनात भिरकावून देतो, कुणाला काही सांगत नाही. सत्यजित राय यांनी सिनेमात डबीचा हार केला आणि तो तळ्यात टाकायला लावला, कारण पडद्यावर शेवाळ फाकून पुन्हा जुळून येताना दिसतं. माध्यम बदललं तशी वस्तू आणि जागा बदलली, कृती तीच राहिली.

घेण्यासारखं हे, की वस्तू तीनदा यावी. पहिल्यांदा सहज, दुसऱ्यांदा तिच्यावरून भांडण, तिसऱ्यांदा पोराच्या हातात. तिसऱ्या वेळी पोरानं काहीतरी करायचं, विचार करत बसायचं नाही. रेगूर, तुमची पट्टी एकदाच येते. सुरुवातीला जुन्या पट्ट्या खुंटीला तारेत ओवलेल्या दाखवा, पोरगा त्यांच्या कोऱ्या बाजूवर पाढे लिहितो असं करा. म्हणजे यार्डातली पट्टी हातात येईल तेव्हा त्यानं तोवर त्या कागदाची दुसरी बाजू कधी वाचलेलीच नसेल.

---

रेगूर

हे घेतलं! किल्लारीच्या भूकंपावरही एक कथा अर्धवट पडली आहे, तिथं हिशेब कसा आणू? की आणूच नको?

---

तेरणा

ओढून आणू नका. तिथं तपशील नीट आले तरी पुष्कळ झालं. 30 सप्टेंबर 1993, पहाटे चारला काही मिनिटं कमी, आदल्या रात्री गणपती बोळवून माणसं दमून झोपलेली. रुंद दगडमातीच्या भिंती आणि वर मातीचा थर असलेलं माळवद, म्हणून माणसं दबली. झोपडीतली, कुडाच्या घरातली त्या मानानं वाचली. हे पोराच्या लक्षात येऊ शकतं : मोठ्या वाड्यातला दोस्त गेला, पत्र्याखालचा राहिला. वाड्याची ऐट मनात असलेल्या पोराचा एका पहाटेत उलटा झालेला हिशेब, पाहिजे तर हा घ्या.

कथा मात्र ढिगाऱ्यापाशी संपवू नका. नव्या जागी गाव वसलं, सरळ रस्ते, एका मापाची घरं. आधी गल्ली वळणावरून ओळखू यायची, आता घर नंबरावरून शोधायचं. दहा वर्षांचा पोरगा तिथं संध्याकाळी दुसऱ्याच्या घरात शिरला तर ते खरं वाटेल. तडा गेल्यानंतर किती लिहायचं हाही तुमचा प्रश्न असणार. तीन हजारांच्या कथेत चारशे-पाचशे शब्द, त्यात स्पष्टीकरण शून्य.

---

मांजराकाठ

तेरणा सरांशी एका बाबतीत वाद आहे. दबलेल्या दोस्ताची आठवण पोराला लगेच येऊ देऊ नका. पोरं मरणानंतर पहिल्यांदा भलत्याच गोष्टीचा विचार करतात : त्याच्याकडं राहिलेली आपली गोटी, उसनी दिलेली वही. ती गोटी मागायची कुणाला, हा प्रश्न त्याला पडू द्या. थोरांना तो विचारता येत नाही एवढं पोराला समजतं, आणि तुमचा हिशेब न ओढता तिथं येऊन बसतो.

रेगूर, पट्टीची कथा आधी पुरी करा. नवा मसुदा इथंच टाका, फक्त मुख्य जागा आणि तिच्या मागचं-पुढचं एकेक पान.

---

तेरणा

आणि टाकण्याआधी कॅरेट कुणाचे ते ठरवा. व्यापाऱ्याचे असतील तर डिपॉझिट असतं, माल खाली झाला की रिकामे मोजून परत करायचे. घरचे असतील तर टेम्पोत परत न्यायचे. पोरगा भजे खातोय आणि वीस रिकाम्या कॅरेटांचा पत्ताच नाही, असं होऊ देऊ नका.